मृतांच्या फुप्फुसांची साक्ष

गेल्या महिन्याच्या टपालांत एका भगिनीचें पत्र आलें, तें आम्हीं दोन वेळां वाचलें. त्यांचें कुटुंब एकत्र. घरांत चौदा माणसें. २०२१ च्या एप्रिलांत त्यांपैकीं अकरा जण करोनाच्या आजारानें अंथरुणास खिळले व थोरले दीर गेले. त्या लिहितात, “मोठे भावोजी आपल्या पायांनीं जिना उतरून मोटारींत बसले. रुग्णालयांतून दोन दिवस फोनवर बोलत होते, नातवाच्या अभ्यासाची चौकशी करीत होते. सहाव्या दिवशीं सारें संपलें. मुख पाहावयास मिळालें नाहीं. सासूबाई आजहि विचारतात कीं, चालत गेलेल्या माझ्या मुलाच्या छातींत असें झालें तरी काय? त्यांस काय सांगावें?”

ह्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा आम्हांस अधिकार काय, असें कोणी म्हणेल. आम्ही वैद्य नव्हे; आमचा जन्म शब्दरूपें व समास घोकून घेण्यांत गेला. परंतु हें उत्तर कोणाच्या पांडित्यांतून निघालेलें नाहीं. तें मृतांनींच दिलेलें आहे, व ज्यांनीं त्यांचे देह उघडून पाहिले त्यांनीं तें लिहून ठेविलें आहे. भावोजींचें फुप्फुस कोणीं पाहिलें नसल्यामुळें त्यांच्यापुरतें खात्रीनें बोलतां येणार नाहीं. त्यांच्यासारख्या इतर रुग्णांत जें आढळलें तें मात्र सांगतां येतें.

आधीं निरोगी फुप्फुस कसें असतें तें पाहूं. सुश्रुतानें त्याची उत्पत्ति रक्ताच्या फेसापासून सांगितली आहे. शारीरशास्त्र म्हणून ती कल्पना आज कोणी मानणार नाहीं. पण ज्यानें फुप्फुस हातीं घेऊन पाहिलें त्यालाच असें सुचावें, कारण तें खरोखरच फेसासारखें हलकें असतें व पाण्यावर तरंगतें. त्यांत ३० ते ५० कोटि वायुकोश असतात. प्रत्येक कोशाभोंवतीं केशवाहिन्यांचें जाळें असून हवा व रक्त यांमधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याहूनहि पातळ असतो. त्यांतून प्राणवायु रक्तांत जातो. कोशाच्या भिंतींत मुख्यतः दोन जातींच्या पेशी. पहिली चपटी, तिच्यांतून वायूंची देवघेव होते. दुसरी गोलसर, ती साबणासारखा एक द्रव स्रवून कोश मिटूं देत नाहीं, आणि पहिली मेली म्हणजे तिची जागाहि हीच भरून काढते. एकत्र कुटुंबांतल्या कर्त्या सुनेप्रमाणें ही दुसरी पेशी, आणि करोनाचा विषाणु नेमका तिलाच गांठतो.

२०२० च्या आरंभीं असे मृतदेह उघडण्यास फारसें कोणी धजत नव्हतें. संसर्गाची भीति कांहीं खोटी नव्हती. जर्मनींत रॉबर्ट कॉख संस्थेनें प्रथम शवविच्छेदन टाळावें असाच सल्ला दिला होता, आणि आपल्याकडेहि त्या वर्षीं मे महिन्यांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें न्यायवैद्यक तपासणी शक्यतों छेद न घेतां करावी असें सुचविलें. हॅम्बुर्ग शहरानें मात्र उलट मार्ग धरला. तेथील अधिकाऱ्यांनीं ह्या रोगाच्या मृतांचें विच्छेदन करण्याची आज्ञाच काढली, व विद्यापीठाच्या न्यायवैद्यक विभागाचे त्या वेळचे प्रमुख क्लाउस प्युशेल व त्यांचे सहकारी यांनीं पहिल्या १२ मृतांची तपासणी केली. दोन्ही फुप्फुसांचें मिळून वजन पुरुषांत साधारण ८४० ग्रॅम व स्त्रियांत ६४० ग्रॅमच्या आसपास धरतात. ह्या १२ जणांत तें सरासरीनें २ किलोच्या घरांत गेलें होतें. एकाचें तर ३ किलो ४२० ग्रॅम भरलें. सुश्रुताचा फेस नाहींसा होऊन त्याचा ओला गोळा झाला होता. त्याहून आश्चर्याची गोष्ट शिरांत सांपडली. १२ पैकीं ७ जणांच्या खोल शिरांत रक्ताच्या गुठळ्या होत्या, व ते जिवंत असतांना त्यांचा कोणास संशयहि आला नव्हता. चौघांचा मृत्यु तर अशी गुठळी वाहत जाऊन फुप्फुसाची रक्तवाहिनी बंद झाल्यामुळेंच घडला होता.

त्याच वसंतांत उत्तर इटलींत मिलान व बेर्गामो येथील ३८ मृतांचीं फुप्फुसें सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवण्यांत आलीं. बेर्गामोंतून शवपेट्या घेऊन लष्कराच्या मालमोटारी रांगेनें निघाल्या तें चित्र वाचकांच्या स्मरणांत असेल. ते हेच दिवस. वायुकोशाच्या भिंतीवरील पेशी मरून गळल्या होत्या, केशवाहिन्यांतून रक्तरस पाझरून कोश भरले होते, आणि रक्त गोठविणारे तंतु व मृत पेशी यांची एक काचेसारखी पापुद्र्याची तह कोशाच्या आंतून बसली होती. तापलेल्या दुधावर साय धरावी तशी ती दिसते. बाहेरून यंत्रानें कितीहि प्राणवायु लोटला तरी तो ह्या सायीअलीकडेच अडतो. शिवाय ३८ पैकीं ३३ जणांच्या बारीक धमन्यांत गुठळ्या आढळल्या. जे कांहीं दिवस अधिक जगले त्यांच्या फुप्फुसांत डागडुजीस आरंभ झालेला होता. पण ही डागडुजी वाढली म्हणजे कोश पूर्ववत् न होतां त्या जागीं व्रण भरल्यासारखा घट्ट तंतुमय भाग राहतो.

असा विध्वंस इतर आजारांतहि होतो, मग ह्या रोगाचें निराळेपण कोणतें? आमच्या वडिलांच्या पिढीनें १९१८ ची मानमोडी पाहिली होती. तिनेंहि फुप्फुसेंच धरलीं होतीं. २०२० च्या मे महिन्यांत प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत करोनानें मेलेल्या ७ जणांचीं फुप्फुसें २००९ च्या फ्लूनें मेलेल्या ७ जणांच्या फुप्फुसांशीं ताडून पाहिलेलीं आहेत. कोशांची नासाडी दोहोंत सारखीच; पण केशवाहिन्यांतील बारीक गुठळ्या करोनांत नऊपट होत्या. ह्या रोगांत हवेची वाट बंद होतेच, रक्ताचीहि होते. पुढें त्रिएस्त येथें रोझाना बुसानी व मौरो जाक्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ४१ मृतांची तपासणी केली. तींत शेजारशेजारच्या अनेक पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांची एकच अवाढव्य पेशी झालेली बहुतेकांत दिसली. विषाणूनें ग्रासलेली पेशी आपल्या पृष्ठावर विषाणूचेंच प्रथिन मिरवूं लागते, व त्याच्या योगें ती शेजारणीस चिकटते.

येथें एक गोष्ट बजावून ठेवतों. हीं सारीं फुप्फुसें जे गेले त्यांचीं आहेत, आणि त्यांतील पुष्कळांस वय, मधुमेह, हृद्रोग असें कांहीं ना कांहीं आधींच होतें. जे बरे झाले त्यांनीं आपलेंहि फुप्फुस असेंच झालें असेल अशी धास्ती घेऊं नये.

आतां सासूबाईंचा प्रश्न. माणूस चालत कसा गेला? दम लागल्याची जाणीव आपणांस मुख्यतः रक्तांत कर्बवायु सांचल्यामुळें होते, प्राणवायु कमी झाल्यामुळें तितकी होत नाहीं. आरंभीं कर्बवायु बाहेर पडत राहतो व प्राणवायु मात्र घटत जातो. म्हणून बोटाला लावावयाचें यंत्र ९० च्या खालीं उतरलें तरी माणूस गप्पा मारीत बसलेला असतो. मग पहिल्या आठवड्याच्या सुमारास, विषाणूचा जोर ओसरूं लागला असतां, त्याच्याशीं लढण्यास शरीरानें धाडलेलें सैन्यच अनावर होऊन कोशांची नासधूस करूं लागतें. फुप्फुस एका दिवसांत गेलें असें घरच्यांस वाटतें. आंत तें काम कांहीं दिवस चाललेलें असतें. तेव्हां त्या माउलीस इतकें सांगावें कीं, मुलानें दुखणें लपविलें नव्हतें; तें त्यालाच कळलें नसावें.

ह्या ज्ञानाचा जिवंतांस उपयोग झाला काय? झाला, पण सरसकट नव्हे. शरीराचें सैन्य आवरणारें डेक्सामेथासोन हें जुनें व स्वस्त औषध ब्रिटनमधील मोठ्या परीक्षेंत तपासलें गेलें व २०२० च्या जून महिन्यांत निष्कर्ष आला: श्वासयंत्रावरील रुग्णांत मृत्यु सुमारें तृतीयांशानें घटले, नुसता प्राणवायु लागणाऱ्यांत पंचमांशानें, आणि ज्यांस प्राणवायु लागत नव्हता त्यांस लाभ मुळींच नाहीं. हें शेवटचें वाक्य आपल्याकडे कितीकांनीं वाचलें? २०२१ च्या उन्हाळ्यांत ताप येतांच शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून हेंच औषध घरोघर घेतलें गेलें. शत्रु वेशींत शिरत असतां आपलेंच सैन्य निजविण्याचा हा प्रकार. त्यांत मधुमेहाची भर पडून काळ्या बुरशीनें डोळे व जबडे गमावलेल्यांची संख्या महाराष्ट्रांत किती मोठी होती तें त्या मे महिन्यांत आपण पाहिलें. रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपारिनाचीहि तीच कथा: पूर्ण मात्रेचा लाभ मध्यम आजाऱ्यांस झाला, अत्यवस्थांस नाहीं, असें २०२१ मध्यें ठरलें.

राहतां राहिला विच्छेदनाचा प्रश्न, व तो आमच्यासारख्या घरांत नाजुक आहे. देह अखंड अग्नीस द्यावा ही भावना आम्हांसहि ठाऊक आहे. तथापि धर्माच्या नांवानें त्यास विरोध करणारांनीं सुश्रुताचें शारीरस्थान उघडावें. मृतदेह मुंज, कुश इत्यादिकांनीं वेष्टून पिंजऱ्यांत घालून वाहत्या पाण्यांत सात रात्री ठेवावा, मग कुंचल्यानें एकेक थर खरवडीत प्रत्येक अंग डोळ्यांनीं पाहावें, असा विधि त्यानें सांगितला आहे. आणि शास्त्र व प्रत्यक्ष दोन्ही जाणणारा तोच जाणता, हा त्याचा आग्रह. पादुआच्या मोर्गान्यीनें अशाच अनेक विच्छेदनांवरचा आपला ग्रंथ १७६१ मध्यें, वयाच्या ७९ व्या वर्षीं, प्रसिद्ध केला.

आज तपासणीनंतर छेद शिवून देह अंत्यविधीकरितां परत मिळतो. वस्त्राखालीं तो छेद दिसत नाहीं. कित्येक ठिकाणीं जाड सुईनें फुप्फुसाचा लहानसा तुकडा काढूनच भागवितात. रोगनिदानासाठीं होणाऱ्या तपासणीस संमति घरच्यांनींच द्यावयाची असते, आणि ती मागितली जाते तेव्हां विचार करण्याच्या स्थितींत कोणीहि नसतें. म्हणून वडीलधाऱ्यांनीं आपला मानस आधींच सांगून ठेवावा. आम्हीं आमचा मुलांस सांगितला आहे. थोरल्यानें मान डोलावली. धाकट्या सूनबाईंचा विरोध आहे, व तो अद्याप मावळलेला नाहीं.