दोरीचं दुसरं टोक

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी शेजारचा आठ वर्षांचा मुलगा रडत अंगणात आला. पोटरीवर दातांच्या चार खुणा, त्यातल्या दोन खोल. आजी जखमेत भरायला तिखटाचा डबा घेऊन धावली. मी तिचा हात धरला, पोराला नळाखाली बसवलं, साबण लावून 15 मिनिटं जखम धुतली आणि दवाखाना गाठला. पुढे महिनाभर ठरल्या तारखांना इंजेक्शनं झाली.

दुसऱ्या दिवशी त्याला चावलेल्या कुत्र्याच्या घरी गेलो. "आमचं नाही ते भाऊ, नुसतं पडून राहतं इथं," घरधनी म्हणाले. कुत्र्याच्या गळ्यात पिवळ्या नायलॉन दोरीचा कुरतडलेला, वीतभर तुकडा लोंबत होता. उरलेली दोरी त्याच दारातल्या खुंट्याला होती.

आमच्या चिंचपाड्यात कुत्रं हवंच. शेळ्या-कोंबड्या तेच राखतं, रात्री शेतावर सोबतही त्याचीच. पण चावलं की ते बेवारस होतं.

कायदा मात्र मालकालाच विचारतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार, आपल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये इतकी काळजी न घेणाऱ्याला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पाळलेल्या कुत्र्याला लस टोचण्याची जबाबदारीही 2023 च्या नियमांनी मालकावरच टाकली आहे. आणि दिवसभर आखूड साखळीला जखडून ठेवणं ही 1960 च्या कायद्याने क्रूरता ठरते. म्हणजे कुत्र्याला डांबून ठेवा असं कुणीच म्हणत नाही. घरी मोकळीक द्या, रस्त्यावर नेताना दोरी हातात ठेवा, एवढंच मागणं आहे.

पण पाड्यापाड्यावर पोलीस कसे येणार? हे काम ग्रामसभेचं आहे. आमचा नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. 1996 च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेचा शब्द वजनदार केला आहे. घरोघरच्या कुत्र्यांची वहीत नोंद, वर्षातून एकदा लसीकरण आणि गळ्यात मालकाच्या नावाचा पट्टा, एवढा ठराव तिने करावा. नाव लिहिलेलं असलं की "आमचं नाही" म्हणता येणार नाही.

कुत्र्याच्या चाव्यातून होणारा रेबीज एकदा अंगात उमटला की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. म्हणून विनंती करतो, येत्या ग्रामसभेला या आणि आपल्या कुत्र्याचं नाव आपल्या नावापुढे लिहा.