पहिले वर्ष विनामूल्य

आपल्या विद्यालयाच्या कार्यालयात येणाऱ्या टपालाचे स्वरूप गेल्या काही वर्षांत पालटले आहे. पूर्वी पुस्तकविक्रेत्यांची सूचिपत्रे येत, गणवेशाच्या कापडाचे नमुने येत. आता सॉफ्टवेअर कंपन्यांचे प्रस्ताव येतात आणि जवळजवळ प्रत्येकात एक शब्द ठळक अक्षरांत छापलेला असतो : विनामूल्य. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी एक शैक्षणिक ॲप पहिले वर्ष विनामूल्य देऊ, असा एक प्रस्ताव सध्या व्यवस्थापन समितीपुढे आहे. कंपनीचे नाव येथे देण्याचे कारण नाही. व्यापाराची जी सर्वमान्य रीत आहे तिच्यानुसारच ती वागत आहे. समितीत मात्र यावर दोन मते आहेत, आणि निर्णयाचा भार अखेरीस पालकांच्या खिशावर येणार असल्याने स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि धम्मबांधव यांच्यापुढे आम्ही आमचे मत ठेवीत आहोत.

‘फुकट ते पौष्टिक’ असे आपण थट्टेने म्हणतो. व्यापाऱ्याला ही थट्टा फार पूर्वीच उमगली आहे. आज कोकणातल्या कोणत्याही घरात पाहुण्यापुढे प्रथम चहा येतो. पण चहा हे काही आपले परंपरागत पेय नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चहा-उत्पादकांच्या संस्थांनी बाजारांत, कारखान्यांत आणि रेल्वे स्थानकांवर लोकांना फुकट चहा पाजला, तो कसा करावा हे दाखविले, आणि दोन पिढ्यांत तो आपल्या दिवसाचा भाग झाला. चहाच्या प्रत्येक पेल्याला निदान पाने, साखर आणि सरपण तरी लागत होते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. ते एकदा तयार करण्यास मोठा खर्च येतो. तयार झाल्यावर त्याची दहा लाखावी प्रत काढण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. म्हणून फुकट वाटप हा सॉफ्टवेअरच्या धंद्यात अपवाद न राहता नियम झाला आहे. शंभर जणांनी विनामूल्य आवृत्ती वापरली आणि त्यांतील मोजक्यांनी सशुल्क आवृत्ती घेतली, तरी हिशेब जुळतो.

या वाटपाचे प्रकार अनेक आहेत. कोठे मुदत असते, कोठे काही सोयी झाकून ठेवलेल्या असतात, कोठे जागेचे माप ठरलेले असते. झूमच्या विनामूल्य आवृत्तीत सभा चाळीस मिनिटांनी तुटते, हे टाळेबंदीच्या काळात आपल्या पाचवीच्या मुलांनाही ठाऊक झाले होते. गुगलच्या खात्यात १५ गिगाबाइट जागा मिळते. छायाचित्रे ठरावीक दर्जात अमर्याद साठविण्याची सवलत होती, ती १ जून २०२१ पासून बंद झाली. तोवर लोकांच्या लग्नांची, बारशांची आणि दीक्षाभूमीच्या यात्रांची छायाचित्रे तेथे जाऊन पडली होती. आता ती काढून आणणे म्हणजे भरलेले घर रिकामे करण्यासारखे आहे. त्यापेक्षा दरमहा थोडे पैसे देणे सोपे वाटते. नेमके तेच वाटावे अशी ती रचना आहे.

विद्यार्थ्यांसाठीच्या आवृत्तीचा विचार आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपले अनेक माजी विद्यार्थी पदविका घेऊन बांधकाम आणि आरेखनाच्या व्यवसायात गेले आहेत. त्यांनी ऑटोकॅड शिकले ते कंपनीने विद्यार्थ्यांना विनामूल्य दिलेल्या आवृत्तीवर, किंवा स्पष्टच बोलायचे तर कोणीतरी पेन-ड्राइव्हमध्ये आणून दिलेल्या चोरीच्या प्रतीवर. शिक्षण संपून स्वतःचे छोटे कार्यालय थाटताना कळते की हे साधन एकदाच विकत घेऊन ठेवता येत नाही, त्याचे भाडे भरत राहावे लागते. त्या कंपनीने कायमचे परवाने नव्याने विकणे २०१६ मध्येच थांबविले. तोवर हाताला दुसरे वळण लावण्याची वेळ गेलेली असते. चोरीच्या प्रतीही या गणितात बसतात, हे बिल गेट्स यांनी १९९८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात विद्यार्थ्यांसमोर बोलताना चीनच्या संदर्भात मोकळेपणाने सांगितले होते. लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचेच चोरावे, त्यांना त्याची सवय लागेल आणि पुढे कधीतरी वसुलीचा मार्ग सापडेल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. एवढे स्पष्ट बोलणारा व्यापारी विरळा. त्याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत.

विनामूल्य साधनांनी आपले काही भले केलेच नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. २०२० मध्ये वसतिगृह रिकामे करावे लागले आणि मुले आपापल्या वाड्यांवर परतली. संगमेश्वर तालुक्यातील कित्येक वाड्यांत आजही घरात बसून फोनला रेंज मिळत नाही. तेव्हा मुले सड्यावर जाऊन, पावसात छत्रीखाली बसून धडे ऐकत. त्या वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्र शासनाने गुगलच्या सहकार्याने राज्यातील शाळांना गुगल क्लासरूम उपलब्ध करून दिले. पैसे मोजावे लागले असते तर आपल्यासारख्या शाळेचे वर्ष बुडाले असते. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, त्या कंपनीने शिक्षणसंस्थांची अमर्याद साठवण बंद करून प्रत्येक संस्थेस सामायिक १०० टेराबाइटची मर्यादा जाहीर केली. आपल्या शाळेला १०० टेराबाइट म्हणजे समुद्र. आपले काहीच अडले नाही. पण मर्यादा कोणती आणि केव्हापासून, हे ठरविताना जगातल्या एकाही मुख्याध्यापकास विचारले गेले नाही, एवढे लक्षात ठेवावे.

त्याच काळात बायजूज या कंपनीनेही आपल्या ॲपवरील धडे मुलांसाठी विनामूल्य खुले केले होते. भारतीय क्रिकेट संघाच्या सदऱ्यावर जिचे नाव झळकत होते, ती कंपनी जुलै २०२४ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या आदेशाने दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिच्या चुकांचा हिशेब करणे आमचे काम नाही. आम्हांला एवढेच दिसते की विनामूल्य धड्याचे आयुष्य तो देणाऱ्या कंपनीच्या आयुष्याहून मोठे असू शकत नाही.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २३ डिसेंबर २०२१ रोजी शैक्षणिक तंत्रज्ञान कंपन्यांबाबत पालकांसाठी एक सूचनापत्र काढले. ते प्रत्येक पालकाने वाचावे असे आहे. आरंभी बऱ्याच सेवा विनामूल्य भासतात, पण शिक्षण पुढे चालू ठेवायचे तर वर्गणी भरावी लागते, असे त्यात म्हटले आहे. विनामूल्य सेवेच्या आवरणाखाली काही कंपन्या पालकांकडून खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याची संमती घेतात आणि दुर्बल कुटुंबे विशेषकरून त्यांचे लक्ष्य होतात, असेही त्यात नमूद आहे. ही दुर्बल कुटुंबे कोण, हे आपल्याला शोधायला जावे लागत नाही. आपल्या विद्यार्थ्यांचे पालक मुंबईत पहाऱ्याची, सफाईची, गोदामातली कामे करतात. गावी राहिलेले मजुरी करतात. मुलगा शिकावा यासाठी हा पालक स्वतःच्या पोटाला चिमटा घेईल, पण ‘ॲप बंद झाले तर तुमचा मुलगा दहावीत मागे पडेल’ असा फोन आला की नाही म्हणणार नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना खोताच्या उपकारांची फेड वेठीने करावी लागे. ती पद्धत नष्ट व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. सॉफ्टवेअर कंपनी म्हणजे खोत नव्हे, ही तुलना फार ताणू नये. परंतु उपकार स्वीकारण्यापूर्वी त्याची फेड कोण, कशी करणार हे विचारण्याची सवय आपल्या समाजाने मोठी किंमत देऊन कमावली आहे. ती संगणकखोलीच्या दाराशी काढून ठेवण्याचे कारण नाही.

दान हा आपल्याला परिचित शब्द आहे, आणि बैठकीत एका सभासदांनी या प्रस्तावाला ‘कंपनीचे दान’ म्हटले म्हणूनच हे लिहिणे भाग पडले. पारमितांमध्ये दानाचे स्थान पहिले आहे. दान दिले की दात्याचा त्या वस्तूवरील हक्क संपतो. बारा महिन्यांनी परत घेता येते ते दान नव्हे, तो नमुना होय. सिगालोवाद सुत्तात मित्राचे सोंग घेणाऱ्यांची लक्षणे सांगितली आहेत, त्यांत थोडे देऊन पुष्कळाची इच्छा धरणारा हाही येतो. याउलट खऱ्या दानाची उदाहरणे याच क्षेत्रात आणि याच महाराष्ट्रात आहेत. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचे संपूर्ण पालि तिपिटक देवनागरीत छापले, नंतर तबकडीवर आणि महाजालावर अनेक लिप्यांमध्ये विनामूल्य ठेवले. त्याची ‘सशुल्क आवृत्ती’ नाही. अर्धे सुत्त वाचून झाल्यावर पुढचे वाचण्यासाठी पैसे मागितले जात नाहीत. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड आज कोणालाही उतरवून घेता येतात. बालभारतीची पाठ्यपुस्तके तशीच मिळतात. २०१७ मध्ये सुरू झालेले दीक्षा हे व्यासपीठ सार्वजनिक पैशातून उभे आहे. त्यावरील सर्वच धडे उत्तम आहेत असे नाही, काही तर कंटाळवाणे आहेत, पण ते पुढल्या वर्षी विकत घ्यावे लागणार नाहीत.

इंग्रजीत एकाच शब्दाने दोन अर्थ होतात आणि त्यामुळे गोंधळ उडतो. मराठीत ‘फुकट’ वेगळे आणि ‘मुक्त’ वेगळे. मुक्त सॉफ्टवेअरची रचना कोणालाही पाहता येते, बदलता येते, दुसऱ्याला देता येते. ते बनविणाऱ्याचे मन पालटले तरी आपल्याजवळची प्रत आपलीच राहते. कार्यालयीन कामासाठी लिबरऑफिस आहे, त्याचे मुखपृष्ठ मराठीतही करता येते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडविलेला मुक्त हा सुबक देवनागरी टंक मुक्त परवान्यावरच मिळतो. केरळमधील शाळांनी सुमारे दोन दशकांपूर्वी हा मार्ग धरला.

यावर आमच्याच काही माजी विद्यार्थ्यांनी घेतलेला आक्षेप वजनदार आहे. ते म्हणतात, मुंबईत मुलाखतीला गेल्यावर एक्सेल येते का असे विचारतात, लिबरऑफिस येते का असे कोणी विचारीत नाही. बाजारातली साधने श्रीमंतांच्या मुलांना आणि तत्त्वे आमच्या मुलांना, अशी वाटणी पुन्हा होऊ देऊ नका. हा आक्षेप आम्ही पूर्णपणे मान्य करतो. एक्सेल शिकविलेच पाहिजे, परवाना घेऊन शिकविले पाहिजे आणि त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद हवी. आमचा आग्रह एवढाच की पहिला तक्ता, पहिले सूत्र, पहिला आलेख मुलाने मुक्त साधनावर करावा, म्हणजे तक्ता म्हणजे काय हे त्याला कळेल आणि बटणे कोठे आहेत हे नंतर आठवड्यात शिकता येईल. एकच साधन शिकलेला मुलगा ते साधन बदलले की अडतो. दोन शिकलेला तिसऱ्याला बिचकत नाही, असा संगणकखोलीतला आमचा अनुभव आहे.

या स्मरणिकेपुरते एक उदाहरण देतो. विद्यालयाच्या पूर्वीच्या अंकांचा मजकूर ज्या टंकप्रणालीत जुळविला होता, तिची प्रारंभीची आवृत्ती विनामूल्य मिळाली होती. पुढची विकत होती, आणि नव्या संगणकावर जुनी चालेना. त्या प्रणालीची अक्षरसंकेत-पद्धती तिची स्वतःची असल्याने आज त्या फाइली उघडल्या की ‘भगवान’ या शब्दाच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा ढीग दिसतो. त्यांत दिवंगत शिक्षकांचे लेख आहेत, पहिल्या तुकडीच्या मुलांची मनोगते आहेत. छापील प्रती वाळवीने आणि कोकणच्या दमट हवेने खाल्ल्या. हा अंक आम्ही युनिकोडमध्ये जुळविला आहे. जुन्या फाइलींचे रूपांतर करण्यास माजी विद्यार्थ्यांपैकी संगणकक्षेत्रात असणाऱ्यांनी वेळ द्यावा, अशी विनंती या लेखातूनच करतो.

प्रस्ताव सरसकट नाकारावा असे आमचे म्हणणे नाही. त्यातील गणिताचे काही धडे आम्ही पाहिले, ते चांगले आहेत. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे शुल्क आजच लेखी मिळावे. मुलांनी सोडविलेले प्रश्न आणि त्यांच्या टिपणी वर्षाअखेरीस साध्या स्वरूपात उतरवून घेता याव्यात. नोंदणीसाठी पालकांचे दूरध्वनी क्रमांक दिले जाणार नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यान्वये अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते, ती प्रत्येक पालकाला मराठीत समजावून घेतली जावी. आणि कोणत्याही पालकाकडून खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याची संमती मागितली जाऊ नये. समितीने या अटी बहुमताने मान्य करून कंपनीस पत्र पाठविले आहे. स्मरणिका छपाईस जाईपर्यंत उत्तर आलेले नाही. आल्यावर ते पालकसभेत वाचून दाखविले जाईल.