पथ्य जेवणात पाळलं, पिण्याचं काय?

मैत्रिणींनो, आपल्या तिसगावकडे भाकरी ज्वारी-बाजरीची. म्हणजे सिलियाक असलेल्या लेकराच्या जेवणाचा प्रश्न निम्मा सुटलाच. या आजारात गहू आणि जवातलं ग्लुटेन आतड्याला इजा करतं, पथ्य जन्मभराचं. फसगत होते ती पिण्यात!

दुधात घालायची माल्ट पावडरच घ्या. माल्ट म्हणजे बहुतेकदा मोड आणलेले जव, काहींत गहूसुद्धा. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं, अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकू नका. गाजावाजा झाला तो साखरेचा. जवाचं काय? डब्यावर ते लिहावं लागतं खरं, पण अक्षर इतकं बारीक की सासूबाईंचा चष्माही हरतो.

सुट्या मालाला तर लेबलच नाही. उन्हाळ्यात थंड म्हणून देतो ते सातूचं पीठ गव्हाचं, नाहीतर जवाचं. मढीच्या यात्रेत मसाला ताक घेतानाही विचारावं, कारण डबीतल्या हिंगात बरेचदा मैदा मिसळलेला असतो. ‘चिमूटभरानं काय होतंय?’ असं घरात कुणीतरी म्हणणारच. होतं, चिमटीनेही होतं.

साधं ताक, घरचं पन्हं, कोकम, लिंबू सरबत खुशाल द्या. आजारी माणूस मोठा असेल तर बिअरही जवाचीच असते, हे सांगायला लाजू नका. नाचणीची आंबील उत्तम, पण गिरणीत गव्हामागून दळलेल्या नाचणीत गहू येतोच. बचत गटातल्या एकीने तरी आपली घरघंटी गव्हापासून लांब ठेवली, तर अशा घरांची केवढी सोय होईल!