आम्ही ‘आयडल’ नाही



लग्नकार्यात हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं. “सून काय करते?” “काही नाही, घरी आयडलच असते.” दर वेळी सासूच असं म्हणते असं नाही. कित्येकदा सूनच स्वतःबद्दल हसत हसत सांगते. मला या शब्दाची चीड आहे. (टीव्हीवरच्या गाण्याच्या कार्यक्रमातलं ‘आयडल’ वेगळं बरं का! ते म्हणजे मूर्ती, आदर्श. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, एवढंच.)

या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ आळशी असा नाहीच. जुन्या इंग्रजीत तो रिकामं, पोकळ या अर्थाने होता. आपल्याकडेही तेच झालंय. डबा रिकामा आणि बाईही रिकामी!

बी.कॉम.ला आम्हाला कॉस्टिंगमध्ये ‘आयडल टाइम’ होता. कामगाराला मजुरी दिली पण त्या वेळात उत्पादन झालं नाही, तो आयडल टाइम. फाटकापासून मशीनपर्यंत चालत जाणं, एक काम संपून दुसरं लावणं, हा झाला नेहमीचा. तो उत्पादनाच्या खर्चातच धरायचा. वीज गेली, माल आला नाही, संप झाला, तर तो वेगळा काढून नफा-तोट्यात टाकायचा. म्हणजे कारखान्याचा हिशेबनीससुद्धा आधी कारण विचारतो, कामगाराला सरसकट आळशी ठरवत नाही. आणि पहिली अट मजुरीची. जिला कुणी मजुरीच देत नाही, तिचा वेळ आयडल म्हणून कुठल्या खात्यात लिहिणार?

सरकारी हिशेबही असाच. २००१च्या जनगणनेत घर सांभाळणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैद्यांबरोबर ‘काम न करणाऱ्यां’त बसवलं होतं. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक शब्दांत टीका केली. पुढे २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत आकडे आले. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७. पुरुषांचा आकडाही जे करतात त्यांचाच, आणि करणारे शंभरात सव्वीस. मुलांचं, म्हाताऱ्या माणसांचं करणं यात धरलेलं नाही, ते वेगळं मोजलंय. आपल्या घरात त्यावर पाणी गाळणं, धान्य निवडणं, सूर्यास्ताआधी सगळ्यांची पानं वाढणं आहेच.

आणि समजा एखादी दुपारी अर्धा तास नुसती बसली, तर काय बिघडलं? आपण सामायिकाला ४८ मिनिटं हालचाल न करता बसतो, त्याला कुणी आयडल म्हणत नाही. आपल्याकडे दोष सांगितलाय तो प्रमादाचा, म्हणजे भान सुटण्याचा. दिवसभर धावपळ करणारा माणूसही प्रमादी असू शकतो. हात थांबले की प्रमाद झाला, असं कुणी सांगितलं?

तेव्हा स्थळ सांगताना ‘ती घर सांभाळते’ म्हणा. बँकेच्या, विम्याच्या फॉर्ममध्ये व्यवसायाच्या रकान्यात ‘निरंक’ लिहू नका, ‘गृहिणी’ लिहा. फॉर्म यजमान भरत असतील तर सहीआधी तो रकाना एकदा बघून घ्या.