चकचकीत डॅशबोर्ड, धूसर रस्ता

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आपल्या भागातल्या कोणत्याही वॉशिंग सेंटरवर जाऊन उभे राहा. स्कूटरपासून टेम्पोपर्यंत रांग लागलेली असते. गाडी धुऊन होते, आतल्या मॅट झटकून होतात आणि मग काम करणारा मुलगा हातात बाटली घेऊन विचारतो, "सर, आतून पॉलिश मारू काय?" आपण मान हलवतो. पाच मिनिटांत डॅशबोर्ड आखाड्यात उतरलेल्या पैलवानासारखा चमकू लागतो. घरी पूजेला नारळ-लिंबू येईपर्यंत सगळी मंडळी आत डोकावतात आणि "अगदी नवी दिसते हो!" असे म्हणून जातात.

माझे म्हणणे एवढेच की, नवी गाडी अशी दिसतच नाही. शोरूममधून घरी आली त्या दिवशीचा डॅशबोर्ड आठवून पाहा. बारीक दाणेदार, किंचित राखाडी, उजेड पिऊन टाकणारा. तो तसा असतो तो काही कंपनीने पॉलिशचे पैसे वाचवले म्हणून नव्हे. समोरच्या काचेत त्याचे प्रतिबिंब पडू नये म्हणून तो मुद्दाम तसा केलेला असतो. आपण मात्र पहिल्याच दसऱ्याला ती सगळी योजना तेलात बुडवतो.

आमच्या पेशातले उदाहरण देतो. वर्गातला फळा ऑइलपेंटने रंगवला की खिडकीकडच्या बाकांवरून त्यावर फक्त उजेडाचा पट्टा दिसतो, अक्षर दिसत नाही. जुन्या शाळांतून मुले फळ्याला कोळसा आणि तोंडलीचा पाला घासत असत. कन्नड शाळेत शिकलेल्यांना तो 'तोंडे सोप्पु' आठवत असेल. त्याने फळा काळा तर होईच, पण त्याची चकाकीही मरे. खरखरीत पृष्ठभागावर पडलेला उजेड दाही दिशांना विखुरतो, तर गुळगुळीत आणि तेलकट पृष्ठभाग तो आरशासारखा एकाच दिशेला फेकतो. डॅशबोर्डच्या बाबतीत ती दिशा म्हणजे वरची तिरकी काच, आणि काचेवरून थेट चालवणाऱ्याचे डोळे.

दुपारी चारनंतर जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ल्याकडे निघालात की याचा प्रत्यय येतो. सूर्य समोर असतो. मोकळ्या रस्त्यावर एक वेळ निभावते, पण रस्ता झाडीत शिरला की खरी पंचाईत होते. पुढे सावलीचा काळोख आणि डॅशबोर्डवर अजून ऊन! अशा वेळी काचेवर दुधी पडदा पसरल्यासारखे होते. त्या पडद्याआड काळी म्हैस असेल, सायकलवाला असेल, रंग न दिलेला हंप असेल. मागच्या सीटवर मुले आणि आजी बसलेली असताना अर्ध्या सेकंदाचा उशीरही परवडणारा नसतो. काचेच्या कडेला ठेवलेला पांढरा टॉवेल, टिश्यूचा डबा, पॉलिश केलेली पितळी मूर्ती हे सगळेही तोच उद्योग करतात. गणपती असो की बसवण्णा, देव जरूर ठेवावा, पण लहान आणि न चमकणारा.

भाषेच्या शिक्षकाला इथे एक गंमत दिसते. चमकण्यासाठी मराठीत किती शब्द! चकाकी, लकाकी, तकाकी, झळाळी, तुकतुकीत, तुळतुळीत. कन्नडात होळपु आहे, मिरुगु आहे, फळफळ आहे. आणि न चमकणाऱ्या वस्तूला? आपण म्हणणार निस्तेज, फिकट, कळाहीन. कन्नडात म्हणणार 'मासलु', म्हणजे तेही मळकटपणाकडेच झुकलेले. न चमकण्याला मानाचा शब्द दोन्ही घरांत नाही. म्हणून दुकानात इंग्रजीचाच आधार घ्यावा लागतो. बाटलीवर 'मॅट', 'सॅटिन', 'नॅचरल फिनिश' किंवा 'लो ग्लॉस' असे लिहिलेले असेल तर ती उचलावी. 'हाय ग्लॉस', 'वेट लुक', 'सुपर शाइन' असे असेल तर खाली ठेवावी. टायरला लावायचे पॉलिश डॅशबोर्डला लावणे तर अजिबात नको. वॉशिंग सेंटरवर मात्र तिथल्याच भाषेत आधीच सांगून ठेवावे, "पॉलिश ब्याडप्पा, बरे ओरसु, साकु." नुसते पुसले तरी पुष्कळ होते.

बाटलीवरच्या शब्दांवर सगळा भरवसा ठेवू नये. पाण्यात मिसळून केलेले द्रव बहुधा दुधाळ दिसते आणि त्याला उग्र वास नसतो. पारदर्शक, तेलासारखे आणि रॉकेलच्या जवळचा वास असलेले द्रव बहुधा सॉल्व्हंटमधले असते. ते चकाकते जास्त, चिकट राहते आणि त्यावर धूळ बसते. हा नियम काही अगदी काळ्या दगडावरची रेघ नव्हे, तेव्हा घरी आणून तपासावे. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मधोमध चिकटपट्टी लावून एका अर्ध्या भागाला हे लावायचे आणि रात्रभर ठेवायचे. सकाळी पट्टी काढून दोन्ही भाग उजेडात पाहावेत, बोट फिरवावे. लावलेला भाग किंचित गडद दिसला तर ठीक. बोट घसरले किंवा बोटाला ओशटपणा लागला तर ती बाटली टायरसाठी ठेवा.

आता अनेकांचा प्रश्न असा की, हे लावायचेच कशाला? प्लॅस्टिकचे दोन वैरी आहेत, ऊन आणि उष्णता. पुढची काच ही दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा घालून केलेली असते. अतिनील किरण बहुतांशी तिथेच अडतात. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत एकपदरी असतात, त्यामुळे दारांच्या वरच्या कडा अधिक सोसतात. उष्णतेचे म्हणाल तर अमेरिकेतील अॅरिझोना भागातल्या संशोधकांची २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली मोजणी आहे. कडक उन्हाळ्यात तासभर उन्हात ठेवलेल्या गाडीचा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सिअसपर्यंत तापला होता. आपल्याकडचा उन्हाळा तितका भाजणारा नसला तरी एप्रिलमध्ये बाजारात उभ्या केलेल्या गाडीत हात लावून पाहा म्हणजे कळेल. चांगल्या प्रोटेक्टंटमध्ये अतिनील किरण रोखणारी द्रव्ये असतात, त्यांचा उपयोग होतो. पण स्पष्टच सांगायचे तर गाडी सावलीत लावणे आणि काचेमागे दुमडता पडदा ठेवणे याने जेवढे काम होते, तेवढे कोणत्याही बाटलीने होत नाही.

घरगुती उपायांबद्दल कमी बोललेले बरे. खोबरेल तेलाने पहिल्या दिवशी शोभा येते, आठवड्यात धूळ येते आणि महिन्यात खवट वास येतो. पेट्रोल किंवा थिनरने डाग जातो खरा, पण कधीकधी त्याबरोबर प्लॅस्टिकचा पोतही जातो.

लावण्याची रीत सोपी आहे, फक्त घाई नको. गाडी सावलीत आणि थंड असावी. आधी मऊ ब्रशने एसीच्या जाळ्या आणि सांधे झाडून घ्यावेत. मग पाण्यात सौम्य शाम्पूचे चार थेंब टाकून मायक्रोफायबर फडके घट्ट पिळून पुसावे. नंतर नुसत्या पाण्याच्या फडक्याने आणि शेवटी कोरड्याने. आधीच्या पॉलिशचा थर बसलेला असेल तर हे दोन-तीन वेळा करावे लागते, फडक्यावर करडा मळ येणे थांबेपर्यंत. धुळीवरच प्रोटेक्टंट लावले तर धुळीचाच लेप होतो.

मग फवारा फडक्यावर मारायचा, डॅशबोर्डवर नव्हे. डॅशबोर्डवर मारला की त्याचे तुषार काचेवर, बटणांत आणि एसीच्या जाळीत जातात, आणि काचेवरचा तो ओशट थर रात्री समोरच्या दिव्यांत भयंकर त्रास देतो. अख्ख्या डॅशबोर्डला चार-पाच फवारे पुरतात. पातळ पसरवून पाच-दहा मिनिटे थांबा आणि दुसऱ्या, कोरड्या फडक्याने सगळे पुसून काढा. हे दुसरे फडके लोक विसरतात, आणि चकाकी नेमकी तिथेच उरते. एअरबॅगच्या झाकणाच्या फटीत द्रव मुरू देऊ नका.

स्टिअरिंग, गिअरची मूठ, हँडब्रेक, पेडल, रबरी मॅट आणि सीट बेल्ट यांना यातले काहीही लावायचे नाही. पेडलवर ओशटपणा आला तर घाटात ब्रेकवरून पाय सटकेल. मीटरवरची पारदर्शक काच आणि टचस्क्रीन यांना नुसते ओलसर फडके पुरे.

काम झाले की गाडीचे तोंड उन्हाकडे आणि समोर एखादी काळपट भिंत किंवा झाडी येईल अशी उभी करा. चालकाच्या जागेवर बसून काचेतून पाहा. डॅशबोर्डच्या रेषा काचेत ठळक उमटलेल्या दिसल्या तर पुन्हा कोरडे फडके फिरवा.

दोन-तीन महिन्यांतून एकदा हे केले तरी पुरते. आपल्याकडच्या पावसाळ्यात मात्र वेगळे वेळापत्रक लागते. जुलै-ऑगस्टमध्ये चार दिवस बंद राहिलेल्या गाडीत प्लॅस्टिकवर पांढरी बुरशी धरते. तिच्यावर प्रोटेक्टंट चोपडू नका. आधी ती पुसून काढा आणि ऊन पडेल त्या दिवशी दारे उघडी टाकून गाडी पूर्ण वाळू द्या. बाटली गणपतीनंतर काढली तरी चालते.