घाटातली जुनी रेल्वेवाट चालायला खुली करा

पावसाळा आला की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. लोक घाटात गर्दी करतात आणि काही अघटित घडलं की बंदीचा आदेश निघतो. जून २०२४ मध्ये भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तेव्हाही हेच झालं. त्याच्या आदल्या वर्षी दूधसागरला रुळांवरून चालत गेलेल्यांना रेल्वे सुरक्षा दलाने उठाबशा काढायला लावल्या. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, हसलो, विसरलो.

चालू रुळांवर चालू नये, यात वाद नाही. कायद्याने सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कायदा सोडा, बोगद्यात गाडी समोर आली तर पळायला जागा नसते. पण ज्या वाटेवरून १९२९ पासून गाडीच गेलेली नाही, तिथे चालायला काय हरकत आहे?

मी बोलतोय खंडाळ्याच्या जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनबद्दल. बोरघाटाची रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. डोंगराच्या धारेवर गाडी वळवायला जागाच नव्हती. म्हणून गाडी इथे थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि मग उलट्या दिशेने पुढचा चढ सुरू व्हायचा. चढ किती? काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट. चालणाऱ्याला हे काहीच नाही, पण वाफेच्या इंजिनाचा जीव काढणारं. पुढे नवीन बोगदे झाले, लाइन बदलली आणि ही वाट मागे पडली.

मागच्या हिवाळ्यात आम्ही चौघं तिकडे गेलो होतो. गवत कंबरेएवढं, घडीव दगडांची कामं अजून भक्कम, खाली एक्स्प्रेसवेची घरघर. आणि दारूच्या बाटल्या. हे काय आहे, कोणी बांधलं, हे सांगणारा एकही फलक आम्हाला दिसला नाही.

बांधलं कोणी, ते सांगतो. १८६१ मध्ये या घाटात ४२ हजारांवर माणसं एकाच वेळी राबत होती. कॉलरा आणि तापाने त्यातली हजारो मेली. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकली म्हणून मजुरांनी दंगा केला, आणि त्याच वर्षी पहिल्या ठेकेदाराला काम सोडावं लागलं. त्यानंतर आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या बायकोने, ॲलिसने, ठेका पुढे नेला. हिचं नाव निदान पुस्तकात तरी सापडतं. मजुरांची नावं कुठेच नाहीत. घाटाची वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराची कथा आपण सांगतो, जुन्या रस्त्यावर त्याच्या देवळापुढे गाडी हळू करून नाणं टाकतो. सुरुंग लावणाऱ्यांसाठी आणि पाट्या वाहणाऱ्यांसाठी तेवढंही नाही.

अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाउनमध्ये पाडला. वाहतुकीची अडचण होती, मान्य. पण आपण फोटो टाकून हळहळलो आणि संपलं. उरलेल्या खुणांचंही तेच होणार का?

बाहेर हे जमलंय. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये मॅनिटू इन्क्लाइन नावाची डोंगरावर चढणारी छोटी रेल्वे होती. १९९० मध्ये दरड कोसळून बंद पडली. लोक उरलेल्या स्लीपरवरून चढायला लागले. मैलभरापेक्षा कमी अंतरात सुमारे दोन हजार फूट चढ! कितीतरी वर्षं ते बेकायदाच होतं. शेवटी सगळी संबंधित खाती एकत्र बसली आणि २०१३ मध्ये वाट अधिकृत झाली. गर्दी वाढली तेव्हा फुकट नोंदणी सुरू केली. बंदी घालून लोक थांबत नाहीत हे तिथे कळलं.

आपल्याकडे काय करावं? रेल्वे, वनखातं, रस्त्याचं काम बघणारे आणि नगरपरिषद यांनी एकदा एका टेबलावर बसावं. कुठला भाग भक्कम, कुठला धोक्याचा, याची तपासणी करावी. धोक्याचे बोगदे बंद ठेवावेत. पावसाळ्यात वाट बंद, बाकी आठ महिने ठरावीक संख्येने खुली. वाटाडे म्हणून आसपासच्या वाड्यांवरची मुलं घ्यावीत आणि त्यांना नीट मजुरी द्यावी. आणि सुरुवातीला एक दगड, त्या मजुरांसाठी.

काहीजण म्हणतील, लोक जातील आणि घाण करतील. अहो, घाण आत्ताच आहे. कोणाचीच नसलेली जागा बाटल्यांची होते. जिथे नोंद होते, वाटाड्या सोबत असतो, तिथे माणूस जरा तरी सांभाळून वागतो.

निवडणुका आल्या की उमेदवार दारात येतात. रस्ते, पाणी विचाराच. पण एकदा हेही विचारा.

पटलं तर पुढे पाठवा. ज्यांच्या घरात घाटातल्या रेल्वेच्या जुन्या आठवणी असतील त्यांनी खाली जरूर लिहा.