विडीला सवलत, हृदयाला फलक

दरवर्षी जागतिक हृदय दिन येतो. सरकारी कार्यालयांत व्याख्याने झडतात, शहरांतून चालण्याच्या फेऱ्या निघतात आणि तेल कमी खा, मीठ कमी खा, तंबाखू सोडा हे जनतेला पुन्हा एकदा ऐकवले जाते. ऐकवणाऱ्यांनी आधी २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेले वस्तू-सेवा कराचे नवे दर वाचावेत. बिस्किटे आणि चॉकलेट १८ टक्क्यांवरून थेट ५ वर. शेव, फरसाण, भुजिया, झटपट नूडल्स १२ वरून ५ वर. आणि विडी? तिच्यावरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आणायचे वस्तू-सेवा कर परिषदेने ठरवून टाकले, अंमलबजावणी तेवढी तेव्हा पुढे ढकलली. सिगारेटला मात्र ४० टक्के. शहरी धुराला जरब आणि गावाकडच्या धुराला सूट, हा कुठला न्याय?

सोलापूर, सिन्नर, भंडारा-गोंदियाकडच्या विडी कामगार महिलांचा रोजगार पुढे केला जाईल. त्यांची मजुरी वाढवा, दुसरे काम द्या, कोण अडवते? त्यांच्या पोटासाठी ओढणाऱ्याची छाती पणाला लावण्याचे कारण नाही. विडीचा धूर सिगारेटपेक्षा सौम्य असतो, हा तर निव्वळ गैरसमज आहे.

सवयी लोकांनी बदलायच्या, हे सरकारचे आवडते पालुपद. जून २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने सगळ्या मंत्रालयांना पत्र पाठवून कार्यालयांत तेल-साखरेचे फलक लावायला सांगितले. हे फलक समोसा-जिलेबीविरुद्ध आहेत असा गदारोळ उठताच खात्याला खुलासे करावे लागले. त्याआधी फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून तेल दहा टक्के कमी वापरण्याचे आवाहन केले. मे महिना सरता सरता त्यांच्याच सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून १० वर आणले. महागाईचे कारण खोटे नव्हते. पण एका तोंडाने तेल कमी खा म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने ते स्वस्त करायचे, यातले लोकांनी काय ऐकायचे?

खाऊच्या पुडीच्या दर्शनी बाजूला धोक्याची खूण छापायलाही आपल्याला जमलेले नाही. चिलीने २०१६ मध्ये जास्त साखर, मीठ, चरबी असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोन सक्तीचे केले. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये पदार्थाला तारे देऊन मानांकन करण्याची पद्धत सुचवली, तिच्यावर हरकती आल्या, समित्या बसल्या आणि सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२५ मध्ये तीन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. बदाम आणि फरसाण एकाच ५ टक्क्यांच्या पंगतीला बसवताना मात्र कोणतीही समिती आड आली नाही.

हृदयविकार हा खुर्चीत बसून पैसे मोजणाऱ्यांचा आजार, शेतात राबणाऱ्याला त्याची बाधा नाही, ही समजूत केव्हाच मोडीत निघायला हवी होती. गावातली चाल आता दुचाकीने खाल्ली, नांगरट ट्रॅक्टरने. वाडीवरच्या किराणा दुकानाच्या दारात पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकतात आणि शाळेत जाणाऱ्या पोराच्या हातात भाकरीऐवजी तीच पुडी असते. पुरुषांच्या तळहातावर तंबाखू-चुना, बायकांच्या हिरड्यांना मिश्री. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूर ओढणारे प्रौढ ३.८ टक्के आढळले आणि धूरविरहित तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के. गुटखाबंदीला तेव्हा चार वर्षे होऊन गेली होती!

डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी गडचिरोलीच्या ८६ गावांतले मृत्यू तपासले, तेव्हा सातातला एक पक्षाघाताने झालेला दिसला आणि त्यातले बहुतेक जण घरीच दगावले होते. पक्षाघाताच्या मुळाशी बहुधा असतो तो न मोजलेला रक्तदाब. तोच हृदयालाही पोखरतो. भारतासह १७ देशांत दीड लाखांहून अधिक लोकांची पाहणी करून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्युअर’ अभ्यासाचा निष्कर्ष तर प्रत्येक आरोग्यमंत्र्याच्या टेबलावर असायला हवा. धोक्याचे घटक शहरी माणसांत जास्त होते, पण झटका येण्याचे आणि त्यातून दगावण्याचे प्रमाण ग्रामीण भागात जास्त. म्हणजे गावातला माणूस निव्वळ सवयींनी मरत नाही, उपचारावाचून मरतो.

हे कसे होते, ते गावोगाव ठाऊक आहे. रात्री दोनला पन्नाशीतल्या माणसाच्या छातीवर दडपण येते, अंगाला दरदरून घाम सुटतो. पित्त झालं असेल म्हणून ओवा चावायला देतात, सोडा पाजतात, पाठ चोळतात. पहाटे कुणाची तरी जीप मिळते. आरोग्य केंद्रात ईसीजीचे यंत्र असले तर काढणारा नसतो, काढणारा असला तर वाचणारा नसतो. तिथून तालुक्याला, तालुक्याहून जिल्ह्याला, तिथून मोठ्या शहराला. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जितके लवकर, तितका हृदयाचा स्नायू वाचतो. इथे सोन्याचा तास ओव्यात जातो आणि उरलेले चिठ्ठ्यांत.

तमिळनाडूने २०२३ मध्ये साधा उपाय केला. छातीत कळ घेऊन आलेल्या रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रातच अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि अॅटोर्व्हास्टॅटिनच्या मिळून चौदा गोळ्या द्यायच्या आणि मग पुढे पाठवायचे. यासाठी अँजिओप्लास्टीची कॅथ लॅब लागत नाही. महाराष्ट्रातही सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांतून रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. मोजणे, नोंद ठेवणे आणि महिन्याची गोळी न चुकवता देणे, एवढ्यावर तो चालतो. ईसीजी दूरवरून वाचून घेण्याची सोयही काही जिल्ह्यांत आली. मग भामरागडच्या, मोखाड्याच्या, किनवटच्या माणसाने कशाची वाट पाहायची? येत्या हिवाळी अधिवेशनात आरोग्यमंत्र्यांनी जिल्हानिहाय हिशेब मांडावा: किती केंद्रांत ईसीजी रात्रीही निघतो, किती ठिकाणी या गोळ्या कपाटात आहेत आणि गेल्या वर्षभरात किती रुग्णांना गुठळीचे इंजेक्शन तालुक्यातच मिळाले.